मोठे मामाजी आणि बरडावरचं गवत

पाया पडायला वाकलेल्या नव्या नवरीला 'नाही' म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. लग्न होऊन नालवाडीहून मी अल्लीपूरच्या पलीकडच्या त्या गावात गेले, त्याच संध्याकाळी घरातल्या थोरामोठ्यांच्या पाया पडायचा कार्यक्रम निघाला. डोक्यावरचा पदर सावरत मी वाकत होते, उठत होते, पुन्हा वाकत होते. एका म्हाताऱ्या आजीनं तोंडभरून "अष्टपुत्रा हो" म्हटलं. तेवढ्यात शेजारच्या बाजेवरून आवाज आला, "नाई नाई, आठ नको बाप्पा. दोन पुरे. गावात ढोरायले चारा नाई, आठ पोट्टे काय खातीन?" आजी खवळल्या, बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मान खाली असल्यामुळं मला फक्त बोलणाऱ्याची पावलं दिसली. टाचा भेगाळलेल्या होत्या आणि बोटांच्या बेचक्यांत कुसळं अडकली होती.

हे माझ्या सासऱ्यांचे सख्खे थोरले भाऊ. आमच्याकडं सासऱ्यांना मामाजी म्हणतात, म्हणून हे मोठे मामाजी. गाव मात्र त्यांना पाठीमागं 'आडवे भाऊ' म्हणायचं, आणि कधीकधी तोंडावरसुद्धा. त्यांना त्याचं काही वाटत नसे. उंच, काटकुळी अंगकाठी, खांद्यावर मळका दुपट्टा, हातात बाभळीची काठी. चहा घेता का विचारलं की "नाई" म्हणायचे आणि कपासाठी हात पुढं करायचे. नवी सून म्हणून मी पहिल्या दिवशी ते 'नाई' खरं मानून कप परत नेला, तर मागून सासूबाई ओरडल्या, "अवं, त्यायचं नाई म्हंजे अर्धा कप जास्त!"

गावच्या सभेत ठराव कोणताही येवो, पहिला हात ह्यांचा, आणि तो विरोधाचा. देवळावर मोठा कर्णा लावायचा ठरला, हे आडवे. शाळेभोवतीची झाडं तोडून भिंत घालायची ठरली, हे आडवे. एकदा कोणीतरी गंमत म्हणून त्यांच्याच सत्काराचा ठराव मांडला. हे उभे राहून म्हणाले, "नाई. शालीनं मले गरम होते." आणि ठराव खरोखर पडला, कारण एव्हाना त्यांच्या नकारामागं हात वर करायची अर्ध्या गावाला सवय झाली होती.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला बरड आहे. म्हणजे मुरमाड, दगडगोट्यांची चढाची जमीन. कोणाच्या नावावर नाही, साऱ्या गावाच्या गुरांसाठी ठेवलेली. बरडाच्या पायथ्याशी नाला, आणि नाल्याकाठी गावातल्या लोकांच्या वाड्या. भाजीच्या शेताला आमच्याकडं वाडी म्हणतात. वांगी, मेथी, भेंडी, सांबार म्हणजे कोथिंबीर. आठवडी बाजारात आमच्या गावच्या सांबाराच्या जुड्या लोक हात लावून ओळखतात. पण मी लग्न होऊन आले तेव्हा बरड पार बोडका होता. गावाची सगळी गुरं वर्षभर तिथं, त्यामुळं गवताची काडी डोकं वर काढायची सोयच नव्हती. पावसाळ्यात सगळा मुरूम वाहून खालच्या वाड्यांत येऊन पसरायचा, आणि उन्हाळा तोंडावर आला की विहिरी तळ दाखवायच्या. ऐन भाव मिळायच्या वेळेला आमच्या वाड्या कोरड्या पडलेल्या असत.

अशात वर्ध्याच्या एका संस्थेची माणसं आली. त्यांनी बरडावर चर खोदून द्यायचं कबूल केलं, गवताचं बी दिलं, आणि एकच अट घातली की गुरं पूर्ण बंद. सगळे हो म्हणाले. असल्या वेळी सगळेच हो म्हणतात. प्रश्न आला राखणदाराचा. नात्यागोत्याचं गाव, ज्याची गाय हाकलायची तो कोणाचा तरी व्याही, कोणाचा तरी साडू. मग सरपंचबाई हसत म्हणाल्या, "ज्याच्या तोंडात नाई आहे त्यालेच द्या ना." सगळ्यांनी मागं वळून मोठ्या मामाजींकडं पाहिलं. ते उठले आणि म्हणाले, "नाई. मले जमत नाई." सरपंचबाई म्हणाल्या, "बरं, मग दुसरा पाहू." तर हे पुन्हा उठले. "नाई. दुसरा काऊन? मी मेलो काय?" अशा रीतीनं एका माणसानं दोनदा नाही म्हणून स्वतःची नेमणूक करून घेतली.

ते काम त्यांनी कसं केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. पहिल्याच महिन्यात त्यांच्या बायकोची, म्हणजे मोठ्या आत्याबाईंची, शेळी बरडावर शिरली. मोठ्या मामाजींनी तिला दोरी लावली आणि गावातून वाजतगाजत नेल्यासारखी नेऊन कोंडवाड्यात टाकली. मोठ्या आत्याबाईंनी चूल बंद केली. मग स्वारी जेवायला शेजारी आमच्याकडं. पानावर बसून म्हणाले, "सूनबाई, वरणात पाणी जास्त झालं." मोठ्या आत्याबाई दोन अंगणांमधल्या भिंतीपलीकडून म्हणाल्या, "शेळी आणा, मंग घट्ट वरण खा." सासऱ्यांनी समजूत घालून पाहिली. "दादा, एक शेळी आहे. सोडून दे ना." त्यावर मोठे मामाजी जे म्हणाले ते पुढं मी त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकलं. "आज घरच्या शेळीले हो म्हणलं, तं उद्या गावाच्या म्हशीले कोणत्या तोंडानं नाई म्हणू?"

शेळीची बातमी गावात फिरली आणि राखण निम्मी सोपी झाली. पावसाळे गेले तसा बरड हिरवा दिसायला लागला. आधी कुसळी गवत आलं, मग पवना, मग शेडा. नाल्यातला गाळ कमी झाला. आमच्या वाडीतली विहीर होळीनंतरही पाणी देऊ लागली, आणि चैत्रात आमच्या घरची पालकाची गड्डी बाजारात गेली. त्या दिवशी सासऱ्यांनी बाजारातून पेढे आणले, पहिला पेढा भावाच्या तोंडात घातला. मोठे मामाजी तो चघळत म्हणाले, "साखर जास्त झाली." दोघं भाऊ तेव्हा दिवसातून चार वेळा एकमेकांच्या अंगणात. मधली भिंत नावाला होती. तिच्यावर आम्ही वाळवणं घालायचो.

मग बरड पाहायला लोक येऊ लागले. मोठे मामाजी पाहुण्यांना आधी चपला काढायला लावायचे आणि मग फोटो काढू द्यायचे. एकदा संस्थेनं बाहेरदेशातले पाहुणे आणले. त्यांच्याकडंही आमच्यासारखंच, पावसाचा भरवसा नाही, माती वाहून गेलेली, गावाची सामाईक जमीन उजाड. ती गावानं मिळून कशी राखायची हे बघायला ते आले होते. त्यात आफ्रिकेतल्या कुठल्याशा गावची एक बाई होती, अंगानं भरलेली, हसरी. संस्थेतली मुलगी दोघांच्यामध्ये बसून त्यांचं बोलणं इकडून तिकडं करत होती. मोठ्या मामाजींनी चर, बी, पाऊस काही विचारलं नाही. एकच विचारलं, "तुमच्या गावात नाई म्हणणारं कोण आहे?" बाई विचारात पडली. मग म्हणाली, "माझी सासू." मोठे मामाजी म्हणाले, "मंग तुमचं गवत वाचते." ती बाई इतकी हसली की तिचे डोळे पाणावले, आणि माझ्या सासूबाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच तिला शिकवून पाठवलं होतं.

इथपर्यंत सगळं छान होतं, आणि इथंच मोठ्या मामाजींचं चुकलं. गुरांना नाही म्हणता म्हणता त्यांनी विळ्यालाही नाही म्हटलं. गवत कंबरेएवढं झालं तेव्हा बायका म्हणाल्या, आम्ही कापून नेतो, गुरं घरीच खातील. हे म्हणाले, "नाई. जमिनीच्या अंगावरची चादर आहे ते. राहू द्या." संस्थेच्या माणसांनीही सांगून पाहिलं की गवत कापलं तर चांगलंच फुटतं. पण मोठ्या मामाजींना बंदीची सवय लागली होती आणि आता ती त्यांच्याच्यानं सुटत नव्हती. दरवर्षीचं गवत उभं वाळायचं, त्यावर नवं यायचं. मध्ये रायमुनियाची झुडपं माजली, बोरीच्या जाळ्या झाल्या. बरड दुरून सोन्यासारखा दिसायचा आणि आत माणूस शिरू शकत नव्हता.

माणूस शिरू शकत नाही तिथं रानडुकरं सुखानं नांदतात. कुठून कुठून कळप आले आणि त्या गवतात त्यांनी घरं केली. रात्री खाली उतरायची, वाड्या उकरायची, पहाटे परत बरडावर. आमच्याकडं डुकरांना भिववायला धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं, जुनी लुगडी बांधतात. त्या वर्षी सगळ्या गावची लुगडी वाड्यांना गेली. सासूबाईंचं लग्नातलं लाल लुगडंसुद्धा वांग्यांच्या कडेनं फडकत होतं, आणि डुकरं त्याच्याखालून आरामात आत यायची. आमची वाडी बरडाला अगदी लागून, म्हणून आमच्यावर पहिली धाड. सासरे भावाला म्हणायचे, "दादा, गवत कापू दे ना. ते डुकरायची धर्मशाळा झाली." मोठे मामाजी म्हणायचे, "डुकरायचा बंदोबस्त वेगळा करू. गवताले हात नाई लावायचा." भाऊ भावाच्या शब्दाबाहेर नव्हता, म्हणून सासरे गप्प बसायचे आणि पुन्हा वांगी लावायचे.

एका सकाळी सासरे वांगी तोडायला गेले. ओळीत एक डुक्कर अजून बसलेलंच होतं. त्यानं सासऱ्यांची मांडी फाडली. वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं, जीव वाचला, पण पाय कायमचा आखूड झाला. मोठे मामाजी धावतपळत दवाखान्यात आले. वाटेत रडले होते, हे त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होतं. पण तोंड उघडलं ते नेहमीच्या वळणानं. म्हणाले, "तुले कोणं सांगितलं होतं वांग्यात एकटं शिराले?"

काळजीचं बोलणं त्यांना तेवढंच येत होतं. आम्हाला ते कळलं, पण खाटेवरच्या माणसाला कसं कळावं? सासऱ्यांनी भिंतीकडं तोंड केलं आणि म्हणाले, "दादा, तुया गवतानं माया पाय खाल्ला. आता तुयं-मायं बोलणं बंद." मोठे मामाजी दुपट्ट्यानं तोंड पुसत बाहेर गेले.

गावात संताप भडकला होता. तरण्या पोरांनी ठरवलं की बरड पेटवून द्यायचा, डुकरं जळोत नाहीतर पळोत. सभा बोलावली. सगळ्यांना वाटलं, आडवे भाऊ आडवे येणार, आणि या वेळी त्यांना बाजूला सारायची तयारी करूनच लोक आले होते. मोठे मामाजी उशिरा आले. हातांवर, गालावर काट्यांचे ओरखडे होते, सदरा फाटला होता. त्या दिवशी दिवसभर ते एकटे बरडावर फिरून आले होते. ते बोलायला उभे राहिले आणि पहिला शब्द 'नाई' आला नाही, म्हणून सभा आपोआप शांत झाली.

"मायं चुकलं," ते म्हणाले. "ढोरायले नाई म्हणलं, ते बराबर होतं. इळ्याले नाई म्हणलं, तिथं चुकलो. जे वापरत नाई त्यात डुक्करच राह्यते." मग म्हणाले, "पण पेटवू नका. वरून वारं आहे, आग खाली येईन, अन् डुकरं तुमच्याच वाड्यात उतरतीन. सगळे मिळून कापू. खालून सुरू करू, वर जाऊ. त्यायले डोंगराकडची वाट मोकळी ठेवू."

कोणीतरी मागून म्हणालं, "अन् तुमच्या भावाच्या पायाचं काय?" मोठे मामाजी म्हणाले, "त्याचं काय करू ते मले समजून नाई राह्यलं." एवढं बोलून ते खाली बसले. पोरांच्या हातातल्या काड्यापेट्या खिशात गेल्या.

त्यातूनच आमच्या गावची पद्धत पडली, जी आजही आहे. कोजागिरी झाली की बरडाचे पट्टे पाडायचे, घराला एक. कोणता पट्टा कोणाचा यावरून पहिल्याच वर्षी भांडण लागलं, कारण खालचे पट्टे दाट आणि वरचे विरळ. तोडगा मोठ्या मामाजींनी काढला. प्रत्येक घरानं आपली एकेक वस्तू टोपल्यात टाकायची. कोणाची किल्ली, कोणाची बैलाची घुंगरं, कोणाची बांगडी. त्या वर्षी गावात आलेल्या सगळ्यांत नव्या सुनेनं त्यातली एकेक वस्तू काढून पट्ट्यांवर ठेवत जायचं. "तिले अजून कोणती वस्तू कोणाची ते माहीत नाई, अन् कोणाशी भांडण नाई. एक-दोन वर्षांनं ते कामाची नाई राह्यत," असं त्यांचं म्हणणं. ऐकून आम्ही जुन्या सुना फुगून बसलो, पण बोलणं खोटं नव्हतं.

पहिल्या कापणीला गावानं डफडी वाजवत खालून सुरुवात केली. डुकरं कळपानं डोंगराकडं निघून गेली. सगळी गेली असं मी म्हणणार नाही, अजूनही एखादं येतं. पण वस्तीला राहत नाही. त्याच वर्षी ज्यांच्याकडं मजूर होते त्यांनी गोड बोलून म्हाताऱ्याकोताऱ्यांचे पट्टे कापून नेले. पुढच्या वर्षी मोठ्या मामाजींनी नियम घातला की पट्ट्यात विळा त्याच घरचा चालेल, फार तर सख्ख्या भावाचा. चूल वेगळी असली तर पुतण्याही नाही, जावईही नाही. ज्या घरी हात कमी त्यांना आखूड पट्टा. आणि संध्याकाळपर्यंत जो पट्टा कापून होणार नाही, तो दुसऱ्या दिवशी साऱ्या गावच्या गुरांना मोकळा.

सासरे कापणीला कधी गेले नाहीत. "उरलेला पायही त्या गवतात ठेवणार नाई," म्हणायचे. आमचा पट्टा मी आणि हे, म्हणजे माझे यजमान, कापायचो. दोन्ही भाऊ एका भिंतीच्या दोन बाजूंना बाजा टाकून बसायचे आणि बोलायचे माझ्यामार्फत. मोठे मामाजी खणखणीत आवाजात म्हणायचे, "सूनबाई, तुया सासऱ्याले सांगजो, मोटर चालू राह्यली." सासरे बाजेवरून म्हणायचे, "सूनबाई, त्यायले सांगजो, मले कान आहेत." मी मध्ये हातात पीठ घेऊन उभी. सुरुवातीला आम्ही सगळे हसायचो. वर्षं गेली तसं हसू येईना. सणाला गोडाचं ताट भिंतीवरून इकडून तिकडं जायचं, पण ताटाबरोबर माणूस जायचा नाही. मला दोघांचाही राग यायचा आणि दोघांचीही कीव यायची.

मागच्या काही वर्षांत मोठे मामाजी थकले. छातीचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी चढ चढायची मनाई केली. मुली लांब यवतमाळकडं दिलेल्या, मोठ्या आत्याबाईंचे गुडघे गेलेले. कोठ्यात एकच गाय उरली होती, पांढरी गवळाऊ, तिच्यावर दोघांचा जीव. मुलांच्या शाळेपायी आम्ही वर्ध्याजवळ सिंदी मेघेला राहायला आलो होतो, तरी कापणीला दरवर्षी गावी जायचो. एका वर्षी गेलो तेव्हा मोठे मामाजी बाजेवरून उठत नव्हते. टोपल्यात त्यांची वस्तू मोठ्या आत्याबाईंनी पाठवली, नव्या सुनेनं ती काढली, आणि नेमका पायथ्याचा दाट पट्टा त्यांच्या वाट्याला आला. तो कापायला कोणी नव्हतं.

दुपारपर्यंत आमचा पट्टा होत आला. हे म्हणाले, आता मोठ्या मामाजींचा घेतो. लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. नियम त्यांचाच होता, मोडायचा तर त्यांना विचारायला हवं. मी त्यांच्या अंगणात आले. मोठे मामाजी डोळे मिटून पडले होते.

"मामाजी, तुमचा पट्टा हे कापतात," मी म्हटलं.

"नाई. पुतण्याची चूल वेगळी आहे."

"अहो, तुम्ही आजारी आहात. गाव काही म्हणणार नाही."

"गाव आज नाई म्हणणार. पुढच्या वर्षी सगळ्यायच्या घरी बिमार निघन."

"मग गाय काय खाईल? उद्या सगळ्यांची गुरं शिरतील त्यात."

त्यांना धाप लागली होती. तरी त्यांनी मान भिंतीकडं वळवली आणि छातीत होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हणाले, "चरू दे. ज्याले सख्खा भाऊ नाई, त्याचा पट्टा ढोरंच चरतीन."

मोठे मामाजी हे नियमाखातर म्हणाले की भिंतीपलीकडं ऐकू जावं म्हणून, हे मला आजपर्यंत सांगता आलेलं नाही. दोन्ही असावं. भिंतीपलीकडं बाज करकरली. खुंटीवरून विळा काढल्याचा आवाज आला. मी धावत आमच्या अंगणात गेले तर सासरे काठी टेकत दारातून बाहेर पडत होते. "मामाजी, ऊन आहे," मी म्हटलं. ते म्हणाले, "मंग टोपी दे."

बरडापर्यंतचा चढ ते कसे चढले ते मी मागून पाहिलं. पट्ट्यात पोचल्यावर त्यांना उकिडवं बसता येईना, म्हणून आखूड पाय लांब पसरून जमिनीवर बसले आणि बसल्या बसल्या पुढं सरकत कापू लागले. आजूबाजूच्या पट्ट्यांतले विळे थांबले. कोणी मदतीला गेलं नाही, कारण चालणार नव्हतं. माझे यजमान कापलेल्या गवताच्या पेंढ्या बांधायला गेले तर सासऱ्यांनी काठी उगारली. ज्यांचं कापून झालं होतं ते लोकही घरी न जाता धुऱ्यावर बसून राहिले. दिवस बुडता बुडता शेवटची मूठ कापली गेली. तेव्हा सरपंचबाई म्हणाल्या की नियम कापण्यापुरता आहे, वाहून नेण्याला नाही. मग चार जणांनी पेंढ्या उचलून बैलबंडीत टाकल्या. एक भारा मात्र सासऱ्यांनी स्वतः बांधला आणि डोक्यावर घेतला.

लंगडत, एका हातानं काठी आणि एका हातानं भारा धरत ते मोठ्या मामाजींच्या अंगणात शिरले. किती वर्षांनी शिरत होते. बाजेसमोर त्यांनी भारा टाकला आणि धापा टाकत उभे राहिले. मोठ्या आत्याबाई पदर डोळ्यांना लावून दारात. मला वाटलं, आता तरी मोठे मामाजी दोन गोड शब्द बोलतील. ते कोपरावर उठले, भाऱ्याकडं पाहत म्हणाले, "सैल बांधला. सोड, पुन्हा बांध."

दवाखान्यातला दिवस डोळ्यांपुढं आला.

सासरे काठी बाजेला टेकवून खाली बसले आणि भाऱ्याची गाठ सोडू लागले. सोडता सोडता म्हणाले, "दादा, तुले भाऱ्यातलं काय समजते? जिंदगीभर तं कापूच देलं नाई." मोठे मामाजी म्हणाले, "दोर खालून घे. खालून. भैताडा, खालून म्हणतो ना." सासऱ्यांनी दोर खालून घेतला. दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोघंही भाऱ्याकडंच पाहत होते.

मोठे मामाजी माघात गेले. तोवर रोज संध्याकाळी सासरे काठी टेकत तिकडं जायचे आणि गवत पवना की शेडा, यावरून दोघांचं भांडण व्हायचं. शनिवार-रविवारी आम्ही गावी असलो की ते स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचं. पोळ्या लाटता लाटता मी मुद्दाम हात थांबवून ऐकत बसायचे. इतका सुखाचा आवाज त्या घरात मी दुसरा ऐकला नाही.

सासरे अजूनही संध्याकाळी तिकडंच जाऊन बसतात. परवा मी चहा घेऊन गेले आणि विचारलं, "मामाजी, इथं एकटे काय करता?" कप हातात घेत ते म्हणाले, "भांडाले कोणी नाई राह्यलं, म्हून बसलो."